मुलाला रविवारी दमवू नका, रोज खेळवा

शाळेच्या तपासणीत वजन जास्त निघालं की अनेक घरांत फतवा निघतो: रविवारी शिवाजी पार्काला दहा फेऱ्या. सोमवारी पोरगं पोटऱ्या धरून बसतं आणि पार्क पुढचा महिनाभर विसरलं जातं. या पद्धतीत घाम बराच गळतो, हाती मात्र फारसं लागत नाही.

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. तिच्या पेशी फुगल्या की तिथे रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ अशी दाह (म्हणजे आतली सूज) वाढवणारी रसायनं सुटतात. गुडघा सुजला तर दिसतो. ही सूज ना दिसते, ना दुखते, पण रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनचं काम अडवते. मानेवर उमटणारा काळपट, जाडसर पट्टा ही बहुतेकदा त्या अडथळ्याचीच खूण असते. (मळ समजून पोराची मान घासणाऱ्या आयांनो, साबण ठेवा, डॉक्टरांना दाखवा.)

गंमत अशी की व्यायाम करताना स्नायूही तेच इंटरल्युकिन-६ सोडतात. पण ते थोड्या वेळापुरतं वाढतं आणि त्यामागोमाग दाह शमवणारी रसायनं येतात. सवय नसलेल्या शरीराला एकदम पिळून काढलं तर दाह तात्पुरता चढतो. नेमाने, झेपेल तेवढं केलं तर काही महिन्यांत तो उतरू लागतो.

तर सुरुवात रोज १५ मिनिटांपासून. मुलाला बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढी गती पुरे. दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी. शाळा आणि क्लासमध्ये दिवस संपणाऱ्या मुंबईच्या मुलाला ती सलग कुठून मिळणार? तुकडे करा: लिफ्टऐवजी जिना, क्लासला चालत, संध्याकाळी आवारात लंगडी किंवा डबा ऐसपैस. पावसाळ्यात घरात गाणी लावून नाच. वजनदार मुलाच्या गुडघ्यांना दोरीच्या उड्या सुरुवातीला नकोतच, आणि खालच्या मजल्यावरच्यांनाही त्या नकोच असतात. आठवड्यातून ३ दिवस सूर्यनमस्कार, बैठका असं स्नायूंचं काम हवं. ऑक्टोबरच्या उन्हात वेळ सकाळची.

टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही) असेल तर हा भाग सावकाश वाचा. खेळण्याआधी ग्लुकोमीटरवर शुगर बघा. ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायला द्या. २५० च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी आम्लं) तपासा. ते आढळले तर आज खेळ बंद, डॉक्टरांना फोन. शुगर चढलेली असताना केलेला जोराचा व्यायाम दाहात भर घालू शकतो, म्हणून 'धावला की उतरेल' हा हिशेब धरू नका. फुटबॉल खेळायचा असेल तर इन्सुलिन मांडीत टोचू नका, तिथून ते लवकर शोषलं जातं. खिशात ग्लुकोज पावडर हवीच. मूल थरथरलं, घामेजलं, विनाकारण चिडलं तर खेळ थांबवून शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. संध्याकाळी खूप खेळलेल्या मुलाची शुगर मध्यरात्रीनंतरही घसरते. त्या दिवशी रात्रीचा डोस किती, हे आधीच डॉक्टरांशी ठरवून ठेवा आणि दोन-तीनचा गजर लावा.

वजनकाटा मात्र रोज काढू नका. वजन तसूभर न हलताही इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, आणि मूल तर वाढतंच असतं. महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा, तिसरा मजला चढल्यावर धाप किती लागते ते बघा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, आहेच.