सोशल इम्पॅक्ट, सस्टेनेबिलिटीमध्ये करिअर करायचंय? सुरुवातीलाच या चुका टाळा

दरवर्षी रिझल्ट लागले की ओळखीतल्या कुणाची तरी पुतणी, कुणाचा तरी भाचा मेसेज करतो, ताई मला सोशल सेक्टरमध्ये यायचंय, कुठे अप्लाय करू. मी विचारते नक्की काय काम करायचंय, तर उत्तर येतं "काहीतरी चांगलं". भावना खरी असते आणि मला त्या पोरांचं कौतुकच वाटतं, पण तेवढ्यावर अर्ज करता येत नाही, आणि मग सहा महिने पन्नास ठिकाणी तोच रिझ्युमे पाठवून कुठूनच फोन येत नाही.

कारण हे एक क्षेत्र नाहीच. गावात, वस्तीत काम करणाऱ्या संस्था वेगळ्या. कंपन्यांचं सीएसआर (म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी) वेगळं, २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ आहे ना, ज्यात ५०० कोटी नेट वर्थ किंवा १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा असला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, ते. तिथे रोजचं काम म्हणजे प्रोजेक्ट व्हिजिट, खर्चाचे हिशोब, संस्थांचे रिपोर्ट वाचणं. आणि ईएसजी, म्हणजे कंपनीच्या पर्यावरण, समाज आणि कारभाराचा हिशोब, तिसरंच, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर हा जबाबदारी आणि शाश्वततेचा रिपोर्ट सक्तीचा केलाय, त्यात वीज, पाणी, कचरा, कामगारांची सुरक्षितता असं सगळं आकड्यात द्यावं लागतं, म्हणजे दिवसभर एक्सेल. ज्याला माणसांत बसायला आवडतं तो तिथे कोमेजतो आणि ज्याला आकडे आवडतात तो ग्रामसभेत गोंधळतो. आधी हे ठरवा, मग अर्ज करा.

दुसरी चूक रिझ्युमेतली. "पॅशनेट अबाउट चेंज" सगळेच लिहितात. त्याऐवजी एक छोटं काम करून दाखवा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. समजा ईएसजीत जायचंय, तर आपल्या सोसायटीचं कॉमन मीटरचं बिल घ्या, लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे मिळून महिन्याला १५०० युनिट धरले तर वर्षाचे १८,००० झाले, आपल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे १२.६ टन. हा झाला स्कोप २, म्हणजे विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन. जनरेटरचं डिझेल स्कोप १, म्हणजे आपण स्वतः जाळलेलं इंधन, लिटरमागे सुमारे २.७ किलो. उन्हाळ्यात विकत घेतलेले पाण्याचे टँकर स्कोप ३, म्हणजे आपल्यासाठी दुसऱ्यांकडून होणारं उत्सर्जन. मग पंप गरजेपुरताच चालवून, एलईडी लावून किती युनिट वाचले ते दोन पानांत लिहा. मी स्वतः मुलाखती घेते तेव्हा असं दोन पानी काम आणणाऱ्या पोरीशी अर्धा तास बोलते.

कचऱ्यात काम करायचं असेल तर पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था २००८ मध्ये सुरू झाली, तिथल्या एखाद्या ताईंना विचारून एक सकाळ त्यांच्याबरोबर फिरा. पुठ्ठा विकला जातो, दुधाच्या पिशव्या विकल्या जातात, चिप्सची पाकिटं भंगारवाला घेत नाही, हे हाताने वेगळं करताना जे कळतं ते वेबिनारमध्ये कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फिल्डवरची चूक, ही माझ्याच हातून झालेली आहे. पहिली नोकरी, बीड जिल्ह्यातलं एक गाव, ऑक्टोबर महिना. सकाळी अकराला टॅब घेऊन सर्व्हेला गेले तर सगळ्या दारांना कड्या, सोयाबीनची काढणी चालू होती आणि मला तेही माहीत नव्हतं. एका घरी आजी भेटल्या. फॉर्मवर प्रश्न होता शौचालय आहे का, हो किंवा नाही. होतं, पण आत सरपण रचलेलं, वर खताची रिकामी पोती. म्हणाल्या, "बाई, पाणी कुठनं आणू त्याला?" हापसा लांब होता. मी "हो" वर टिक केली आणि पुढे गेले, कारण फॉर्ममध्ये तिसरी जागाच नव्हती. महिनाअखेर आमच्या रिपोर्टमध्ये ते घर शौचालय असलेलं म्हणून गेलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. मी साहेबांना सांगायला हवं होतं की प्रश्न चुकलाय.

म्हणून फॉर्म आधी चार-पाच घरांत भरून बघा, अडला तर तिथेच बदलायला लावा. गावात पोचल्यावर आधी आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला भेटा, माणसं कधी घरी असतात ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. मला बायका भेटल्या त्या रात्री आठनंतर, बचत गटाच्या मीटिंगला, टॅब पिशवीत ठेवून नुसती बसले तेव्हा.

महागडी डिग्री घ्यायची घाई करू नका एवढंच म्हणेन, आधी वर्षभर काम करा. आपण यात टिकू का हे तपासायचं असेल तर गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २००६ पासून चालवलेलं तरुणांसाठीचं 'निर्माण' शिबिर नक्की बघा.

आणि पगार विचारा हो! आपल्याकडे सेवा म्हटलं की पैशाचं बोलणं वाईट दिसतं, म्हणून चांगली पोरं वर्ष-दीड वर्षात घरच्या दबावाने सोडून जातात. संस्थेचं आयकर सवलतीचं १२ए, ८०जी रजिस्ट्रेशन आहे का, सीएसआरचे पैसे घेत असेल तर त्यासाठीची सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी केलीये का, वार्षिक अहवाल मिळतो का ते बघा. मग सरळ विचारा की माझी पोस्ट कुठल्या फंडातून आहे आणि तो कधी संपतो. बऱ्याच प्रोजेक्टचा पैसा ३१ मार्चपर्यंतचाच असतो, त्यामुळे जानेवारीत जॉइन होत असाल तर एप्रिलचा पगार कुठून येणार हे ऑफर लेटरवर सही करायच्या आधी लेखी घ्या.