एअर रायफलच्या नळीचा काळा रंग परत आणायचाय? आधी एवढी तयारी करा

मधे मोडून भरायची एअर रायफल असेल तर रंग बहुधा नळीच्या टोकाकडे आधी जातो. दर वेळी हात तिथेच पडतो आणि घामातलं मीठ आपलं काम करतं. बाटलीतलं कोल्ड ब्ल्यू, म्हणजे पोलाद न तापवता काळं करणारं द्रावण, लावायला पाच मिनिटं पुरतात. सगळा वेळ जातो तो त्याआधीच्या खटाटोपात, आणि रंग धरणार की नाही हे तिथेच ठरतं.

पहिल्यांदा रायफल रिकामी आहे ना ते बघा, मग लोहचुंबक काढा. नळी पोलादाची असते, पण ट्रिगर गार्ड बऱ्याचदा ओतीव जस्ताचा, ॲल्युमिनियमचा नाहीतर चक्क प्लास्टिकचा निघतो. चुंबक चिकटला नाही तर हे द्रावण तिथे वाया जाणार. चिकटला तरी वरचा थर ब्ल्यूइंगचा (रसायनाने पोलादावर आणलेला काळेपणा) आहे की साधा रंग, हे पाहायचं राहतंच. झाकलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब ठेवा. ब्ल्यूइंग असेल तर थोड्या वेळात काळा थर उतरून धातू उघडा पडतो. खरवडल्यावर पापुद्रे निघाले तर तो रंग आहे, आणि तो पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

लाकडी दस्ता उतरवून ठेवा, नाहीतर त्यावर डाग पडतील. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणाराच पेचकस घ्या. मागची टोपी मात्र उघडू नका. आत दाबलेली स्प्रिंग असते, ती सुटली तर हात फोडते. नळीच्या दोन्ही तोंडांत बूच घाला आणि मागच्या रबरी किंवा चामडी सीलला ॲसिटोन लागू देऊ नका.

ओरखड्यांसाठी ३२० नंबरचा वॉटर पेपर, मग ४००, मग ६००. पेपर लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून एकाच दिशेने ओढायचा. कारण ब्ल्यूइंग ओरखडा झाकत नाही, उलट चमकवून दाखवतं. खोल ओरखडा राहिला तर राहू द्या; तो घालवायला नळीत खड्डा पडेपर्यंत घासण्यापेक्षा ते बरं. कोरलेलं नाव, नंबर यांच्या जवळपास पेपर न्यायचाच नाही. परवान्याच्या बंदुकीवरचा नंबर पुसणं हा तर शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तसल्या बंदुकीचं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्यावं.

मग तेल काढणं. बहुतेकांचं काम बिघडतं ते इथे. ॲसिटोनने पुसा, चिंधी बदला, परत पुसा, शेवटची चिंधी पांढरी निघेपर्यंत. मग बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, ओता. पाणी सलग पसरलं तर ठीक. थेंब होऊन घरंगळलं तर तेल अजून आहे. यानंतर उघड्या बोटाने स्पर्श नाही. नाइट्राइलचे हातमोजे तसेही लागतातच, कारण या द्रावणांत बहुधा सेलेनियमचं आम्ल असतं आणि ते विषारी आहे. काम गच्चीत किंवा खिडकीपाशी करा, स्वयंपाकाच्या ओट्यावर नाही.

हाताशी कापसाचे बोळे, अगदी बारीक (चार शून्यांचं) स्टील वूल, डिस्टिल्ड वॉटर, बंदुकीचं तेल हे सगळं आधीच मांडून ठेवा. बोळा बाटलीत परत बुडवायचा नाही, थोडं द्रावण वाटीत काढून घ्यायचं. नळी हेअर ड्रायरने कोमट केली तर रंग एकसारखा बसतो.

दिवस कोरडा निवडा. कोकणात तर दिवाळीनंतरच हात घाला. उघडं पोलाद पावसाळ्यात बघता बघता तांबूस होतं. (गंज चढवून, उकळून काळं करण्याची जुनी पद्धत आहे, तिला मात्र दमट हवाच लागते. ती जास्त टिकते, पण ते आठवडाभराचं काम.) कोल्ड ब्ल्यू हा धातूवर बसलेला पातळ थर आहे, कारखान्यातल्या गरम क्षाराच्या ब्ल्यूइंगइतका तो टिकत नाही. हात पडतो तिथे तो पुन्हा जाईल, हे धरूनच चाला.

रंग चढल्यावर भरपूर पाण्याने धुवा, कोरडं करा, तेलाचा जाड हात द्या आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पुसून परत तेल. फोमच्या पेटीत लगेच बंद करू नका, फोम ओल धरतो.