हॅस्केल शिकायचंय? कागद घ्या आणि उदाहरणं सोडवा

नवतपात नागपुरात डोकं शांत ठेवून काही करायचं तर सकाळी सहा ते आठ. मागच्या वर्षी परसोडीच्या आयटी पार्कात कामाला जायच्या आधीचे ते दोन तास मी हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेला दिले. आठ वर्षं जावा लिहीत होते. आधी पुस्तक धरलं. तीन प्रकरणं वाचून झाली, सगळं समजलं असं वाटलं, आणि कोरी फाइल उघडली तर एक ओळ सुचेना. मग पुस्तक मिटलं आणि उदाहरणं घेतली. तुम्हीही तसंच करा.

जीएचसीअप हा हॅस्केलचा इन्स्टॉलर वापरून कंपायलर (कोड चालण्याजोगा करणारा प्रोग्राम) टाका. त्याच्यासोबत जीएचसीआय येतं, ओळ लिहा आणि लगेच उत्तर बघा. पहिल्या महिन्याला एवढं पुरतं.

सुरुवात प्रोजेक्ट ऑयलर या गणिती कोड्यांच्या वेबसाइटवरच्या पहिल्या प्रश्नाने करा: 1000 च्या आतल्या, 3 किंवा 5 ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज. हात सवयीने लूपकडे (तीच पायरी पुन्हा पुन्हा चालवण्याकडे) जाईल. बेरीज शून्य धरायची आणि तीत भर घालत जायची. हॅस्केलमध्ये एकदा दिलेली किंमत बदलत नाही, म्हणून ती वाट बंद. आधी कागदावर साध्या मराठीत लिहा: 1 ते 999 ची यादी घे, भाग जाणाऱ्या संख्या ठेव, बेरीज कर. (आई विचारायची, ‘सकाळी सकाळी कागदावर काय करून राहिली?’) या वाक्यातच प्रोग्राम आहे: यादी, फिल्टर (हव्या त्या संख्या ठेवणारं फंक्शन), सम (sum, बेरीज करणारं फंक्शन). उत्तर 233168. तुमचं 266333 आलं, तर 15 च्या पटीतल्या संख्या दोनदा मोजल्या गेल्यात.

दुसरा प्रश्न फिबोनाचीचा, म्हणजे आधीच्या दोन पदांची बेरीज हे पुढचं पद अशा मालिकेचा: 40 लाखांपर्यंतच्या, 2 ने भाग जाणाऱ्या पदांची बेरीज. हॅस्केल ‘लेझी’ आहे, गरज पडेल तेवढंच मोजतं, त्यामुळे फिबोनाचीची न संपणारी यादी बिनधास्त लिहिता येते. मी तशी लिहिली, 40 लाखांची अट फिल्टरमध्ये घातली आणि एंटर दाबलं. उत्तर येईना. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला, शेवटी कंट्रोल-सी दाबून थांबवलं. पुढची पदं वाढतच जाणार हे आपल्याला माहीत आहे, फिल्टरला नाही. तो पुढे शोधतच राहतो. टेकव्हाइल हे फंक्शन मात्र अट मोडली की तिथेच थांबतं. ते लावलं आणि 4613732 लगेच आलं. लेझी म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं, त्याआधी फक्त व्याख्या पाठ होती.

आता तयार फंक्शन बाजूला ठेवा. सम, मॅप (प्रत्येक घटकावर तीच क्रिया), फिल्टर, रिव्हर्स (यादी उलटी करणं) स्वतः लिहा. ही पायरी गाळू नका, सगळ्यात जास्त शिकणं इथेच आहे. यादीकडे संत्र्याच्या पेटीसारखं बघा: वरचं एक संत्रं आणि खाली उरलेली पेटी. आधी रिकाम्या पेटीचं उत्तर लिहा. मग उरलेल्या पेटीचं उत्तर हातात आहे असं धरा आणि वरच्या संत्र्याचं काय करायचं तेवढंच ठरवा. टाइप, म्हणजे फंक्शन कसली गोष्ट घेतं आणि कसली देतं, ते नेहमी आधी लिहा. अडलात तर त्या जागी अंडरस्कोअर ठेवा. तिथे कोणत्या टाइपची गोष्ट हवी ते कंपायलर सांगतो.

यानंतर ‘हॅस्केलचे नव्व्याण्णव प्रश्न’ हा सरावाचा संच घ्या. पहिलाच प्रश्न यादीतला शेवटचा घटक शोधायचा. सोपा वाटतो, पण यादी रिकामी असली तर? मेबी, म्हणजे ‘उत्तर असेल किंवा नसेल’ असं सांगणारा टाइप, इथे वापरून बघा, म्हणजे तो कशासाठी आहे हे आपसूक कळेल. मोनाड या हॅस्केलमधल्या अवघड कल्पनेची घाई नको.

पाऊण तास अडलात तर तीन घटकांची यादी घेऊन एकेक पायरी हाताने लिहा. दुसऱ्याचं उत्तर आपलं बरोबर आल्यावरच बघा. आणि आठवड्याने तोच प्रश्न जुनी फाइल न उघडता पुन्हा सोडवा. ऑयलरचा पहिला प्रश्न मी चारदा लिहिला: फिल्टरने, रिकर्शनने (फंक्शन स्वतःलाच बोलावतं), फोल्डने (एकेक घटक घेत यादीचं एक उत्तर करणं) आणि शेवटी यादी न करता, नुसत्या सूत्राने.