इंग्लिश फुटबॉल क्लबचा सुरुवातीचा इतिहास कसा शोधायचा : उदाहरण आर्सेनलचं

बोधचिन्हावरचं साल क्लबने स्वतः ठरवलेलं असतं, त्यामुळे शोधाची सुरुवात तिथून करू नये. मँचेस्टर युनायटेड आपलं वय १८७८ पासून मोजतो, पण ते नाव १९०२ मधलं. त्याआधी तो न्यूटन हीथ होता, लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातल्या कामगारांचा संघ.

पहिलं काम म्हणजे स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने आखणं : नाव, मैदान आणि कायदेशीर रूप. ही तिन्ही एकाच दिवशी बदलत नाहीत, आणि नवख्यांच्या निम्म्या चुका ती एकच समजल्याने होतात. आर्सेनलचे रकाने असे भरतात. नाव : १८८६ मध्ये डायल स्क्वेअर (लंडनच्या वुलिच भागातल्या रॉयल आर्सेनल या दारूगोळ्याच्या कारखान्यातला एक विभाग), लगेच रॉयल आर्सेनल, मग वुलिच आर्सेनल, आणि १९१४ पासून त्यातलं ‘वुलिच’ गळालं. मैदान : प्लमस्टेड कॉमन, स्पोर्ट्समन ग्राउंड, १८८८ पासून मॅनर ग्राउंड, १८९० ते १८९३ इन्व्हिक्टा ग्राउंड, पुन्हा मॅनर ग्राउंड, आणि १९१३ मध्ये थेम्स ओलांडून हायबरी. कायदेशीर रूप : आधी वर्गणीवर चालणारा हौशी क्लब, १८९१ मध्ये व्यावसायिक, १८९३ मध्ये मर्यादित कंपनी, १९१० मध्ये ती दिवाळखोरीत आणि हेन्री नॉरिस या व्यावसायिकाकडे सूत्रं. ‘वुलिच आर्सेनल’ हे नाव कुठे १८९१ चं तर कुठे १८९३ चं म्हणून छापलेलं सापडेल. व्यावसायिक होणं आणि कंपनी होणं या दोन घटना एकत्र कालवल्या की असं होतं. दोन्ही नोंदी ठेवा, एक पुसू नका.

चौथा रकाना ‘पुरावा कधीचा’ असा ठेवा. घटनेच्या आठवड्यातला, वर्षभरातला, की वीस वर्षांनी सांगितलेली आठवण? डायल स्क्वेअरने ११ डिसेंबर १८८६ रोजी आइल ऑफ डॉग्जवर ईस्टर्न वाँडरर्सला ६-० हरवलं, ही गोष्ट सगळीकडे सापडते, पण तिचा तपशील बराचसा पुढे लिहिलेल्या आठवणींतून आलेला आहे. अशा ठिकाणी तीन साध्या चाचण्या लावा. एक, वार. कारखान्यांना शनिवारी अर्धी सुट्टी असे, सामने तेव्हाच होत. ११ डिसेंबर १८८६ शनिवारच होता, म्हणजे तारीख निदान शक्य आहे. दोन, हिशेब. क्लब काढायला पंधरा कामगारांनी प्रत्येकी सहा पेन्स दिले आणि संस्थापकांपैकी डेव्हिड डॅन्स्किनने तीन शिलिंग घातले, असं सांगतात. १२ पेन्सचा एक शिलिंग, तेव्हा पंधरा जणांचे ७ शिलिंग ६ पेन्स, अधिक ३, एकूण १० शिलिंग ६ पेन्स. हिशेब जुळतो. बरोबर अर्धी गिनी (गिनी म्हणजे २१ शिलिंग) होते, ही जरा फारच नीटस रक्कम आहे हेही शेऱ्यात लिहून ठेवा. तीन, भूगोल, आणि तिथे नकाशे लागतात.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा-संस्थेचे जुने नकाशे फुकट पाहता येतात, इंग्लंडचेही. मैलाला २५ इंच या प्रमाणाचा नकाशा घ्या, सहा इंची नको. त्यात मैदान आणि गटार यांतला फरक कळत नाही. नकाशावरचं प्रकाशनाचं साल पाहून थांबू नका, मोजणी किंवा दुरुस्ती कधी झाली तेही पाहा. इन्व्हिक्टा ग्राउंडची तीन वर्षं दोन मोजण्यांच्या फटीत सहज हरवतात. नकाशात मैदान दिसलं नाही म्हणून ते नव्हतंच, असं म्हणता येत नाही. इन्व्हिक्टा ग्राउंडच्या जागी आज हेक्टर स्ट्रीट आणि मिनरल स्ट्रीट आहेत. जमीनमालकाचा मिनरल वॉटरचा धंदा होता, त्याची खूण रस्त्याच्या नावात उरली आहे.

वर्तमानपत्रांसाठी ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह हा मुख्य आधार. वर्गणी भरायच्या आधी नुसता शोध चालवून पाहा, किती निकाल येतात ते पैसे न देता दिसतं. ‘रॉयल आर्सेनल’ एवढंच टाकलंत तर तोफा, स्फोट आणि भरतीच्या हजारो बातम्या अंगावर येतील, कारण ते मुळात दारूगोळ्याच्या कारखान्याचं नाव. तारखा सप्टेंबर ते एप्रिल ठेवा, जोडीला प्रतिस्पर्ध्याचं नाव द्या. प्रतिस्पर्ध्यांचीही नावं बदलत होती : न्यूकॅसल युनायटेड हे नाव डिसेंबर १८९२ मधलं, त्याआधी तो न्यूकॅसल ईस्ट एंड. यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरं चुकतात, त्यामुळे एकच शब्द टाकूनही शोधा. ‘फुटबॉल’ मथळ्याखाली रग्बीही येतो. बातमीत ‘ट्राय’ (रग्बीत गुण मिळवण्याचा प्रकार) दिसला की पुढे चला.

सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे ‘गेला शनिवार’. साप्ताहिक शनिवारीच निघत असेल तर तो शनिवार सात दिवसांपूर्वीचा. अंकाची तारीख सामन्याची म्हणून उतरवली की पुढचं सगळं वेळापत्रक आठवडाभर सरकतं. शिवाय वृत्तांत बरेचदा क्लबचे चिटणीसच पाठवत. एकाच सामन्याचा ३-१ आणि ३-२ असा निकाल दोन पत्रांत दिसला तर वादग्रस्त गोल असण्याची शक्यता आधी तपासा. पहिला संघ की दुसरा, हेही बघा.

जिल्ह्याची सीमा हा असाच एक सापळा. वुलिच १८८९ पर्यंत केंट परगण्यात होतं, मग लंडनमध्ये गेलं. म्हणून तुम्हाला १८९० चा केंट सीनियर कप आणि १८९१ चा लंडन सीनियर कप, दोन्ही सापडतील. फक्त लंडनची दप्तरं चाळणाऱ्याच्या हाती अर्धाच क्लब लागतो. १८९१ ते १८९३ मधल्या बातम्यांत मैत्रीपूर्ण सामनेच का भरलेत, याचं उत्तर व्यावसायिक होण्यात आहे. फुटबॉल असोसिएशनने पैसे देऊन खेळवण्यास १८८५ मध्ये मान्यता दिली होती, तरी लंडनच्या संघटनेला ते खपलं नाही आणि तिच्या स्पर्धांची दारं बंद झाली.

फुटबॉल लीगच्या दुसऱ्या विभागात शिरल्यावर मात्र तपासणी सोपी होते. २ सप्टेंबर १८९३ रोजी न्यूकॅसल युनायटेडशी २-२ अशी सुरुवात. त्या हंगामात त्या विभागात १५ संघ, म्हणजे प्रत्येकी २८ सामने. १२ विजय, ४ बरोबरी, १२ पराभव; विजयाला तेव्हा २ गुण, म्हणून २८ गुण. तुमच्या यादीतून हे आकडे निघाले नाहीत तर एखादा सामना सुटला किंवा दुसऱ्या संघाचा घुसला.

माणसांसाठी जनगणना : ३ एप्रिल १८८१ आणि ५ एप्रिल १८९१. नाव, वय, जन्मगाव आणि धंदा हे चारही जुळल्याशिवाय ‘हाच तो’ लिहू नका. डॅन्स्किन फाइफमधल्या बर्न्टआयलंडचा. अशा स्कॉटिश माणसांचं बालपण इंग्लंडच्या जनगणनेत मिळत नाही, त्यासाठी स्कॉटलंड्सपीपल हे सरकारी संकेतस्थळ आहे. कंपनीचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय दफ्तरात, बंद पडलेल्या कंपन्यांच्या ‘बीटी ३१’ या मालिकेत शोधा. भागधारकांच्या यादीत नावासोबत पत्ता आणि व्यवसाय असतो. क्लब नेमका कोणाच्या पैशावर चालला, हे तिथूनच कळतं. सगळेच कागद स्कॅन झालेले नाहीत, तेव्हा मागणी नोंदवण्याआधी पानांची संख्या आणि प्रतींचा खर्च विचारून घ्या.