कॉरिजेंडम: वाचताना आणि काढताना या चुका टाळा

टेंडर, भरतीची जाहिरात, शासन निर्णय आणि संशोधनपत्रिका. एरवी कुणाच्या तोंडी नसलेला ‘कॉरिजेंडम’ हा इंग्रजी शब्द या चार ठिकाणी हमखास भेटतो. आपल्याकडे त्याला शुद्धिपत्रक म्हणतात. मूळ लॅटिन, अर्थ ‘जे दुरुस्त करायचं आहे ते’. अजेंडा आणि मेमोरँडम हेही त्याच घडणीचे: जे करायचं ते, जे लक्षात ठेवायचं ते.

कॉरिजेंडम म्हणजे मुदतवाढ, असं समजणं

ठेकेदारांमधली ही सगळ्यात महागडी चूक. बहुतेक शुद्धिपत्रकांत तारीख पुढे ढकललेली असते हे खरं, पण म्हणून तेवढंच वाचायचं?

माझ्या ओळखीच्या एका ठेकेदाराने शाळेच्या दुरुस्तीचं टेंडर भरलं होतं. कागदपत्रं चोख, दरही विचारपूर्वक लावलेले. मग शुद्धिपत्रक निघालं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी पहिल्या ओळीचा फोटो टाकला: अंतिम तारीख आठ दिवसांनी पुढे. आपण तर भरून मोकळे झालोय, म्हणून हा निवांत राहिला. त्याच कागदावर खाली दुसरा मुद्दा होता: बीओक्यू (कामाच्या बाबी आणि परिमाणांचा तक्ता, ज्यात दर भरायचे असतात) बदललं आहे, आधी भरलेल्यांनी सुधारित बीओक्यूप्रमाणे पुन्हा भरावं. छताच्या वॉटरप्रूफिंगचं परिमाण वाढलं होतं. टेंडर उघडलं तेव्हा याचे दर जुन्या बीओक्यूवरचे, म्हणून बाद. तक्रार करायला जागाच नव्हती, कारण कागद पूर्ण पानभर होता आणि सगळ्यांसाठी खुला होता.

ग्रुपवरचा फोटो म्हणजे कागद नव्हे. मूळ पीडीएफ स्वतः उतरवून घ्या आणि शेवटच्या सहीपर्यंत वाचा. दोन पानं वाचायचा कंटाळा असेल, तर टेंडरच्या धंद्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एकटं शुद्धिपत्रक वाचणं

‘अट क्र. ६.२ मधील ३ वर्षे ऐवजी ५ वर्षे असे वाचावे.’ कसली वर्षं? अनुभवाची, की दोषदायित्वाची, म्हणजे काम झाल्यावर निघालेले दोष दुरुस्त करून देण्याच्या जबाबदारीची? मूळ कागद शेजारी नसेल तर या ओळीतून काहीही कळत नाही. मी मूळ टेंडरची प्रिंट काढते, जुना मजकूर पेन्सिलीने खोडते, वर नवा लिहिते आणि समासात शुद्धिपत्रकाचा क्रमांक व तारीख टाकते. स्क्रीनवर दोन खिडक्या उघडून भागतं असं तरुण मुलं सांगतात. तिसरं शुद्धिपत्रक आलं की कुठली अट कितव्यांदा बदलली ते त्यांनाच सांगता येत नाही.

दुसरं आलं म्हणून पहिलं आपोआप रद्द होत नाही, हेही ध्यानात ठेवा. पहिल्यातल्या ज्या मुद्द्याला दुसऱ्याने हात लावला नाही, तो तसाच लागू राहतो.

मोघम शुद्धिपत्रक काढणं

हे कार्यालयातल्यांसाठी. ‘तांत्रिक कारणास्तव अटींमध्ये बदल करण्यात येत आहे, सर्वांनी नोंद घ्यावी’ हे शुद्धिपत्रक नाही. मूळ कागदाचा क्रमांक व दिनांक, पान, अट, जुना मजकूर, ‘ऐवजी’, नवा मजकूर, ‘असे वाचावे’ आणि शेवटी ‘इतर अटी व शर्ती कायम राहतील’. एवढं आलं की वाचणाऱ्याला फोन करावा लागत नाही. जुना मजकूर न देता फक्त नवा देणारे वेळ वाचवत नाहीत. तो वेळ ते दुसऱ्याच्या डोक्यावर टाकतात.

भर घालायची असताना शुद्धिपत्रक काढणं

चूक दुरुस्त केली तर कॉरिजेंडम, नव्याने भर घातली तर ॲडेंडम. मंत्रालयाच्या कागदांत दुसऱ्यासाठी ‘शासन पूरकपत्र’ असा वेगळा मथळा असतो, तोच वापरा.

इरेटम आणि कॉरिजेंडम एकच मानणं

रोजच्या वापरात फारसं बिघडत नाही. संशोधनपत्रिकांत मात्र बऱ्याच प्रकाशकांचा नियम ठरलेला आहे: छपाईत प्रकाशकाकडून झालेली चूक म्हणजे इरेटम, लेखकांची स्वतःची चूक म्हणजे कॉरिजेंडम. लेखकांची चूक इरेटम म्हणून पाठवू नका. आणि कॉरिजेंडमला स्वतंत्र डीओआय (प्रकाशित मजकुराचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळख क्रमांक) मिळतो म्हणून बायोडेटात तो वेगळा शोधनिबंध म्हणून दाखवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. हे कृपा करून करू नका. मूळ निबंधाच्या नोंदीखालीच त्याचा उल्लेख करा. कॉरिजेंडम काढण्यात कमीपणा नाही. निबंध मागे घेणं ही निराळी गोष्ट आहे.

अनेकवचन आणि स्पेलिंग

एक दुरुस्ती असेल तर कॉरिजेंडम, अनेक असतील तर कॉरिजेंडा. एकाच चुकीवर ‘कॉरिजेंडा’ असा मथळा नको. स्पेलिंगमध्ये ‘आर’ दोनदा, नंतर ‘आय’, ‘जी’पुढे ‘ई’ आणि शेवटी ‘यूएम’. उच्चारात ‘ज’ आहे, ‘ग’ नाही.