नोह आणि क्योगेनची ओळख: मुंबईतील सप्रयोग व्याख्यानाची आखणी

जपानच्या पारंपरिक रंगभूमीवर मुंबईत सप्रयोग व्याख्यान आखताना नोह (मुखवट्यांचे संथ गीतनृत्यनाट्य), क्योगेन (विनोदी प्रहसन), काबुकी (भव्य नृत्यनाट्य) आणि बुनराकू (बाहुलीनाट्य) हे चारही प्रकार दीड तासात बसवण्याचा मोह आधी आवरावा. काबुकीला मोठा ताफा आणि प्रेक्षागृहातून जाणारी वाट लागते, तर बुनराकूची प्रमुख बाहुली तीन जण मिळून हलवतात. नोह आणि क्योगेन मात्र शतकानुशतके एकाच मंचावर आलटून पालटून सादर होत आले आहेत आणि त्यांतील निवडक अंश मोजके कलावंतही नीट दाखवू शकतात. म्हणून हीच जोडी निवडावी.

मोठे नाट्यगृह टाळावे. नोहचा मंच साधारण सहा मीटर चौरस असून प्रेक्षक त्याच्याकडे समोरून आणि एका बाजूने पाहतात, त्यामुळे जुहूचे पृथ्वी थिएटर किंवा एनसीपीएचे एक्सपेरिमेंटल थिएटर अशा आटोपशीर जागा अधिक सोयीच्या ठरतात. मुखवट्याच्या डोळ्यांची छिद्रे इतकी बारीक असतात की नट मंचाच्या खांबांवरून आपली जागा ओळखतो. खांब उभारणे शक्य नसल्यास चार कोपऱ्यांत निदान उभे दांडे तरी ठेवावेत. पाऊल न उचलता जमिनीवरून सरकत चालणे हा येथील सर्व हालचालींचा पाया असल्याने आदल्या प्रयोगाच्या चिकटपट्ट्या व खिळे काढून मंच स्वच्छ पुसून घ्यावा आणि त्यावर कोणीही पादत्राणे घालून जाऊ नये. रंगमंचाला नमस्कार करून चढणाऱ्या आपल्या नटांना हे सांगावे लागत नाही. दिवे लावण्याच्या घाईत असलेल्यांना मात्र सांगावे लागते.

खरी कसोटी मुंबईच्या हवेची आहे. कोत्सुझुमी या खांद्यावर धरायच्या छोट्या ढोलाच्या कातड्याला ओलावा लागतो, म्हणून वादक त्यावर मधूनमधून फुंकर घालतो. त्याच्याच शेजारच्या ओत्सुझुमी या मोठ्या ढोलाचे कातडे मात्र प्रयोगापूर्वी निखाऱ्यांच्या उष्णतेवर कडक वाळवावे लागते. वातानुकूलित सभागृह पहिल्याला छळते आणि पावसाळा दुसऱ्याला. नाट्यगृहात निखारे पेटवू देत नाहीत, तेव्हा विजेची शेगडी आणि ती ठेवण्यासाठी वेगळी खोली आधीच मागून घ्यावी.

व्याख्यानाची सुरुवात इतिहासाने करू नये. कानआमी व त्याचा मुलगा झेआमी यांनी चौदाव्या शतकात नोहला घाट दिला आणि शोगुन (लष्करी शासक) अशिकागा योशिमित्सूने त्यांना आश्रय दिला, एवढे मध्येच कुठेतरी सांगितले तरी पुरते. सुरुवात क्योगेनच्या ध्वनींनी करावी: सरकते दार उघडताना नट तोंडाने ‘सारा सारा सारा’ म्हणतो आणि करवत चालवताना ‘झुका झुका’. कृती कोणती ते प्रेक्षकांनाच ओळखू द्यावे आणि मग त्यांच्याकडून तो आवाज पोटातून काढून घ्यावा. त्यानंतर ‘बोशिबारी’ या क्योगेन प्रहसनाचा छोटा अंश दाखवावा. मालक बाहेर जाताना, दारू चोरून पिणाऱ्या दोन नोकरांना बांधून ठेवतो, एकाचे हात खांद्यावरच्या आडव्या काठीला आणि दुसऱ्याचे पाठीमागे. तरीही दोघे एकमेकांच्या मदतीने पितातच. कथानक निवेदकाने आधी मराठीत सांगून टाकावे आणि नंतर गप्प बसावे. प्रत्येक वाक्यामागून येणारा अनुवाद विनोदाची लय मोडतो, आणि असल्या नोकरांची ओळख आपल्या वगनाट्याच्या प्रेक्षकाला मुळीच करून द्यावी लागत नाही.

नोहचा मुखवटा शेवटी आणावा. रंगीत झोत बंद करून वरून येणारा स्थिर, पांढरट प्रकाश ठेवावा, कारण मुखवट्यावरचे भाव सावल्यांमधून बदलतात: किंचित वर उचलला की चेहरा उजळतो, किंचित खाली झुकवला की त्यावर मळभ येते. नटाने हे आधी संगीताशिवाय, अगदी सावकाश, सर्व बाजूंना वळून दाखवावे आणि मग बासरी व ढोलांच्या साथीने तोच अंश पुन्हा करावा. येथे निवेदकाने काहीही समजावू नये. प्रेक्षकांना काय दिसले ते नंतर विचारावे.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मुखवटा जवळून पाहण्याची विनंती हमखास होते. तो कलावंताच्याच हाती राहू द्यावा, कारण त्याला फक्त दोरीच्या छिद्रांपाशी, दोन्ही कडांना धरायचे असते आणि रंगवलेल्या भागाला बोट लागू द्यायचे नसते. पाहणाऱ्यांनी रांगेने यावे, आणि फ्लॅश बंद ठेवण्याची सूचना त्याआधीच द्यावी.