कॉन्टेसा घरी उभी करायची तर आधी पाणी, मग ब्रेक, रंग शेवटी

माझा धंदा यंत्रमाग दुरुस्तीचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेड आहे. मागच्या अंगाचे जुने माग भंगारात गेले तेव्हा तिथं माझी कॉन्टेसा, हिंदुस्थान मोटर्सची जुनी गाडी, दुरुस्त होऊन उभी राहिली. आता कुणी जुनी गाडी घेतली की विचारायला येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "मामा, इंजिन कुठलं टाकू?" इंजिनाचं बोलणं मी मुद्दाम शेवटी काढतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. त्या उन्हात सात रस्त्याच्या गर्दीत ज्या गाडीचं पाणी उकळतं, तिला दीडशे हॉर्सपॉवर देऊन काय करणार?

कॉन्टेसाला आपल्याकडची मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, म्हणतात. दिसायला खरंच तशी आहे, लांब बॉनेट, रुंद छाती. पण १९६४ च्या अमेरिकन पॉन्टिअ‍ॅक जीटीओत ६.४ लिटरचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन होतं, ३२५ हॉर्सपॉवरचं. १९८४ ला आलेल्या कॉन्टेसात अ‍ॅम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं, पन्नासेक हॉर्सपॉवरचं. अंगाचा साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा. पुढं इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा कुठं गाडीला दम आला. घेताना शक्यतो हीच घ्या. अ‍ॅम्बेसेडरलाही पुढं हेच इंजिन बसत होतं, त्यामुळं त्याचे भाग अजून मिळतात. काचा, बंपर, दिवे यांना मात्र कुर्ल्याच्या भंगार मार्केटात हिंडावं लागतं, म्हणून या वस्तू जिच्या धड आहेत ती गाडी दहा-वीस हजार जास्त देऊनही स्वस्तच पडते.

बघायला जाताना लोहचुंबक आणि टॉर्च खिशात ठेवा. चुंबकाला पातळ कापड गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ असा फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. आतलं कार्पेट उचलायला लावा. मालक "कशाला उगाच" म्हणाला की नक्की उचला. बॅटरीखालची जागा आणि पुढच्या काचेचा खालचा कोपरा, ही दोन ठिकाणं हमखास कुजलेली असतात. इंजिन नंबर, चेसी नंबर आरसीशी ताडून बघा आणि इंधनाचा रकाना वाचा. पेट्रोलच्या कितीतरी कॉन्टेसात नंतर डिझेल इंजिन बसवलं गेलं, आणि सगळ्यांची नोंद झालेली नाही. व्हिंटेज नोंदणीच्या भरवशावर कुणी गाडी गळ्यात मारत असेल तर त्याला सांगा, त्या नोंदणीला गाडीची ५० वर्षं पूर्ण लागतात. सगळ्यात जुनी कॉन्टेसाही २०३४ च्या आत त्यात बसत नाही. तोवर १५ वर्षांनंतरचं नेहमीचं पासिंग, दर पाच वर्षांनी.

खोलताना घाई करू नका. प्रत्येक जोडाचा खोलण्याआधी मोबाईलवर फोटो, प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मास्किंग टेप लावून नाव. जुन्या १.५ लिटरच्या (त्या १४८९ सीसीच्या) इंजिनाला इंची पाने लागतात, इसुझूला मिलीमीटरचे. इंची नटावर जवळपासचा मिलीमीटरचा गोटी पाना ठोकून बसवला की नटाचे कोपरे गेलेच समजा. पुसायला सोलापुरात टॉवेलचे तुकडे किलोवर मिळतात, हात आणि चेसी पुसायला उत्तम. कार्बोरेटर आणि ब्रेकच्या सिलिंडरला ते लावू नका. टर्किशचे धागे सुटतात आणि जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतात. तिथं जुनं धुतलेलं धोतर.

आता पाणी. आमच्या भागात बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. वर्षानुवर्षं तेच पाणी रेडिएटरात ओतलेलं असतं, म्हणजे आतल्या नळ्या निम्म्या बुजलेल्या. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो. टाक्या उघडून नळ्यांतून सळई फिरवून घ्या, पंख कुजले असतील तर नवा कोअर, म्हणजे नळ्या-पंखांची जाळी, टाका. ब्लॉकच्या बाजूच्या गोल झाकण्याही बदला, त्या आतून गंजतात आणि बाहेरून काही दिसत नाही. मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं. हे मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा पाच-सात अंश उशिरा उकळतं, आणि रेडिएटरचं झाकण दाब धरत असेल तर त्याहून बरंच वर जातं. म्हणून झाकण नवं घ्या. शे-दोनशे रुपयांची वस्तू, पण पारखून घ्या.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरात सोडणारी झडप, काढून फेकायची आपल्याकडं रीत पडली आहे. "गरमीत काय करायचाय?" म्हणतात. तो नसला की पाणी रेडिएटरात थांबतच नाही, सकाळी इंजिन थंडच पळतं, पेट्रोल जास्त पितं आणि सिलिंडर झिजतात. नवा बसवण्याआधी पातेल्यात पाण्यात सोडून थर्मामीटर लावून बघा, त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडला पाहिजे. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं बहुतेक गाड्यांतून गायब असतं. ते नसेल तर पत्र्याचं करून घ्या, कारण त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून पुरती हवा ओढत नाही, आजूबाजूचीच घुसळतो. इलेक्ट्रिक पंखा लावायचा तर रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि तापमानाचा स्विच दोन्ही हवेत, डॅशबोर्डवरच्या बटणाच्या भरवशावर नको.

जुना एसी आर-१२ गॅसचा असेल तर नवा आर-१३४ए तसाच भरून चालत नाही. कॉम्प्रेसरमधलं जुनं तेल काढून नव्या गॅसला चालणारं भरावं लागतं, ओ-रिंग आणि ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) बदलावे लागतात. जुने होज गळत असतील तर तेही.

ब्रेकच्या बाबतीत मी हट्टी आहे. मास्टर सिलिंडर (पेडल दाबतं तो), चाकांचे सिलिंडर, तिन्ही रबरी होज नवे. गंजलेल्या पायपाला डाग लावायचा नाही, पूर्ण पाईप बदलायचा. ड्रम लेथवर कापून घेताना त्याच्यावरची कमाल मर्यादा वाचा, त्यापुढं कापलेला ड्रम फेकून द्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून उघडा राहिलेला जुना डबा वापरू नका, आणि इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाऊ देऊ नका, रबर फुगतं. ब्रेकच्या पायपांतली हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा. आपला मास्टर सिलिंडर उजवीकडं, म्हणजे मागचं डावं चाक पहिलं.

वायरिंगमध्ये पैसे वाचवायला बघू नका. ५५ वॅटचा एक दिवा साधारण साडेचार अँपिअर ओढतो. दोन दिवे मिळून नऊ अँपिअर चाळीस वर्षांच्या स्विचमधून जाणार, म्हणजे स्विच तापणार आणि दिवे पिवळे पडणार. दोन रिले, जाड वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज, इतकं केलं की साधे हॅलोजनही उजळतात. प्लगची ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, हा एक बदल खर्चाच्या मानानं सगळ्यात जास्त फायद्याचा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाईप आणि कार्बोरेटरचे पडदे त्यात नरम पडतात, इथेनॉलला टिकणारे घ्या. टाकी गळत असेल तर घरी वेल्डिंगचा विचारही करू नका. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची, आतली वाफ पेटते. १.५ चं इंजिन असेल तर हेड उतरवलेल्या वेळी एक्झॉस्टच्या बाजूला कडक व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ते कडं, बसवून घ्या. ते इंजिन शिसं असलेल्या पेट्रोलवर चालायचं आणि २००० सालापासून देशात तसं पेट्रोल मिळत नाही.

मग तुमचं लाडकं इंजिन. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या, गरम इंजिनवर, सगळे प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. चारही सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसेल तर खोलू नका, रेडिएटरवर खर्च करा. दुसरं इंजिन टाकायचंच असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद. सोलापूरची एमएच-१३ ची गाडी असो की पुण्याची, नोंद नसेल तर अपघातात विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते.

पत्रा कापून नवा लावताना गॅस वेल्डिंग लांब ओढू नका, पत्रा वाकडा होतो. सीओटू वेल्डिंगने ठिपके ठिपके मारत, मधे गार होऊ देत पुढं जा. रंगाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात सोलापूरचा वारा धूळ आणतो आणि शेजारी माग चालू असतील तर कापसाची तूस ओल्या रंगावर बसते, ती पॉलिश पेपरने घासत बसावं लागतं. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाची वाफ फुफ्फुसाला वाईट असते, साधा रुमाल तिच्यापुढं काही कामाचा नाही. हे काम बूथवाल्याकडं द्या.

पहिली लांब फेरी अक्कलकोटपर्यंत, पहाटे, एसी बंद ठेवून. पोचल्यावर पाणी, तेल, चाकांखालचे डाग बघा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका. परत आल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळा.